विहिरीचे पाणी आणि मूत्रपिंडाचा आजार : डॉ. बावस्कर यांचे संशोधन आपल्याला काय सांगते?

(भोकरदन तालुक्यातील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवतो. खत किती द्यावे, पाण्याची पाळी केव्हा द्यावी, तण केव्हा काढावे हे सांगणे हे माझे नेहमीचे काम. आजचा विषय थोडा वेगळा आहे. ज्या विहिरीचे पाणी आपण कपाशीला, मोसंबीला देतो, त्याच विहिरीचे पाणी आपल्यापैकी अनेकजण पितात. शेतात वस्ती असली तर घरातली लहान मुलेही तेच पितात. त्या पाण्याचा आपल्या मूत्रपिंडाशी, म्हणजे बोलण्यात आपण ज्याला किडनी म्हणतो तिच्याशी काय संबंध आहे, हा आजचा विषय आहे.

हा विषय निवडण्याचे आणखी एक कारण आहे. यावर ज्यांनी लिहिले ते एक डॉक्टर आपल्याच तालुक्यातील आहेत. देहेड हे त्यांचे गाव. त्यांचे नाव डॉ. हिंमतराव साळुबा बावस्कर.

देहेड ते महाड

डॉ. बावस्करांचे नाव आपल्याकडे विंचवाचे डॉक्टर म्हणून ऐकलेले असते. शेतकरी कुटुंबातून येऊन त्यांनी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली आणि १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी धरली. कोकणात लाल विंचू दंश करी आणि धडधाकट माणसे, विशेषतः मुले, एक-दोन दिवसांत दगावत. त्या काळी यावर खात्रीचा इलाज नव्हता. डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णाजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची नोंद ठेवली. त्या नोंदींवरून त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध विंचूदंशावर उपयोगी पडते हे दाखवले आणि १९८६ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. गंभीर विंचूदंशात पूर्वी शंभरात सुमारे चाळीस रुग्ण दगावत. हे प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

हे सांगण्यामागे हेतू आहे. त्यांच्याजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती. खेड्यातला दवाखाना, रुग्णाच्या खाटेशेजारी ठेवलेली वही आणि ‘असे का होते?’ हा प्रश्न, एवढ्याच भांडवलावर हे काम झाले. मूत्रपिंडाच्या आजाराकडेही त्यांनी याच नजरेने पाहिले.

२०१० चा अहवाल

२०१० मध्ये ‘क्लिनिकल टॉक्सिकॉलॉजी’ या विषविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात बावस्कर कुटुंबीयांच्या नावाने एक छोटा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच्या मथळ्याचा मराठीत अर्थ असा : पिण्याच्या पाण्यातील जड धातूंच्या दूषिततेशी संबंधित दीर्घकालीन मूत्रपिंड निकामी होणे, महाराष्ट्रातील एका छोट्या खेड्यातून वैद्यकीय अहवाल.

या मथळ्यातील तीन शब्दांकडे लक्ष द्यावे.

पहिला शब्द ‘खेडे’. मूत्रपिंडाचा आजार मुख्यतः मधुमेहाने आणि उच्च रक्तदाबाने होतो हे सर्व डॉक्टर जाणतात आणि ते खरेच आहे. परंतु एकाच गावात, एकाच पाण्यावर राहणाऱ्या लोकांत हा आजार दिसू लागला, तर केवळ रुग्ण तपासून भागत नाही. त्यांचे पाणीही तपासावे लागते. हे सुचणे हीच अर्धी लढाई आहे.

दुसरा शब्द ‘जड धातू’. जंतूंमुळे पाणी दूषित होते हे आपल्याला माहीत आहे. त्यासाठी आपण विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकतो. धातूंचे दूषण वेगळे. शिसे किंवा कॅडमियम पाण्यात मिसळले तर पाण्याचा रंग, वास, चव काहीच बदलत नाही. ‘आमच्या विहिरीचं पाणी गोडं आहे’ असे आपण अभिमानाने म्हणतो. गोडे म्हणजे त्यात क्षार कमी आहेत एवढेच. धातू आहेत की नाहीत हे जिभेला कळत नाही.

तिसरा शब्द ‘संबंधित’. डॉक्टरांनी मथळ्यात ‘पाण्यामुळे झालेला’ असे लिहिले नाही, ‘संबंधित’ असे लिहिले. शास्त्रात या दोन्हींत मोठे अंतर आहे. शेतातलेच उदाहरण घेऊ. तुरीच्या शेतात एका कोपऱ्यात झाडे उधळतात. त्याच कोपऱ्यात पाणी साचते. पाणी साचणे आणि उधळणे यांचा संबंध दिसला. पण मर रोगाची बुरशी जमिनीत आहे की मुळेच कुजली, हे मूळ चिरून आणि पुढच्या हंगामात चाचणी घेऊनच ठरते. असा एका गावाचा अहवाल म्हणजे तो पहिला संबंध दिसणे होय. तो शेवटचा निकाल नव्हे. पण कोपरा पिवळा दिसला की शहाणा शेतकरी निकालाची वाट पाहत बसत नाही, आधी चर काढून पाणी बाहेर काढतो. या अहवालाचा उपयोगही आपण तसाच करावा.

जगात इतरत्र काय दिसले?

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात, अनुराधापूर भागात, १९९० च्या दशकापासून भातशेती करणाऱ्या लोकांत मूत्रपिंडाचा असा आजार दिसू लागला की ज्याला ना मधुमेह कारण, ना रक्तदाब. आंध्र प्रदेशात श्रीकाकुलम जिल्ह्यातील उद्दानम भागात नारळ-काजूच्या बागायतीत तेच. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत ऊसतोड कामगारांत तेच. डॉक्टर याला ‘कारण न कळलेला दीर्घकालीन मूत्रपिंडाचा आजार’ म्हणतात. सगळीकडे रुग्णांत शेतकरी आणि शेतमजूर अधिक आहेत आणि बरेचजण उमेदीच्या वयातले आहेत.

श्रीलंकेत जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांच्या लघवीत कॅडमियमचे प्रमाण जास्त आढळले. इतर अभ्यासकांनी पाण्यातील फ्लोराइड व कठीणपणा, कीडनाशके, उन्हात शरीरातले पाणी आटणे अशी वेगवेगळी कारणे मांडली. एकच एक कारण अजून सर्वमान्य झालेले नाही. अनेक कारणे एकत्र येत असावीत असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणून ‘अमुक खतामुळेच किडनी जाते’ किंवा ‘खताचा काही संबंधच नाही’ असे ठासून सांगणाऱ्या दोघांवरही विश्वास ठेवू नये.

कॅडमियमने मूत्रपिंड खराब होते याबद्दल मात्र शंका उरलेली नाही. जपानमध्ये तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या वरच्या अंगाला जस्ताची खाण होती. खाणीतले कॅडमियम नदीत आले, नदीचे पाणी भातखाचरांत गेले आणि तो भात लोकांनी वर्षानुवर्षे खाल्ला. आधी मूत्रपिंडे खराब झाली, मग हाडे इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेही मोडत. रुग्ण वेदनेने विव्हळत म्हणून त्या रोगाचे नावच ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असे पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने त्याला प्रदूषणजन्य आजार म्हणून मान्यता दिली. ओलिताच्या पाण्यातून धातू ताटापर्यंत कसा येतो याचा हा धडा शेतकऱ्याने लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मूत्रपिंड तक्रार का करीत नाही?

आपली दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग शरीरात परत घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी होते. ठिबक संचाला जसा फिल्टर, तसे हे काम. फिल्टर अर्धा चोंदला तरी संच काही दिवस चालतो, शेवटच्या नळीपर्यंत थेंब पडत राहतात आणि आपण फिल्टर उघडून पाहत नाही. मूत्रपिंडाचेही तसेच आहे. निम्मे काम बंद पडेपर्यंत रक्ताच्या साध्या तपासणीतही फारसे दिसत नाही. पायावर सूज, भूक मंदावणे, मळमळ, दम लागणे, रक्त कमी होणे ही लक्षणे दिसू लागतात तोवर बराच उशीर झालेला असतो. ठिबकाचा फिल्टर धुता येतो. मूत्रपिंडाची एकदा गेलेली गाळणी पुन्हा तयार होत नाही.

कॅडमियम शरीरात गेले की ते मूत्रपिंडात साठते आणि तिथून अर्धे बाहेर पडायला दहा ते तीस वर्षे लागतात. म्हणजे आज थोडे, उद्या थोडे असे साचत जाते. शिसे हाडांत साठते आणि तिथून वर्षानुवर्षे रक्तात झिरपते. लहान मुलांच्या मेंदूलाही ते घातक आहे.

मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली की डायलिसिस. आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत या उपचाराचा समावेश आहे, हा मोठा आधार आहे. पण प्रवास, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि घरातल्या कर्त्या माणसाचे शेतातून कायमचे उठणे, हे कोणत्याच योजनेत भरून निघत नाही. पेरणी तोंडावर असताना आठवड्यातले तीन दिवस दवाखान्यात घालवणाऱ्या कुटुंबाचे काय होते हे मी तुम्हाला सांगायला नको.

धातू पाण्यात येतात कोठून?

आपला जिल्हा काळ्या कातळावर, म्हणजे बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकात कॅडमियम आणि शिसे नैसर्गिकरीत्या फार थोडे असते. शिवाय आपल्या जमिनी भारी, चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी आहेत. अशा जमिनी हे धातू घट्ट धरून ठेवतात, सहजासहजी खाली विहिरीत जाऊ देत नाहीत. ही आपली जमेची बाजू. म्हणून आपल्याकडच्या एखाद्या विहिरीत हे धातू सापडलेच, तर बहुधा ते माणसाच्या हाताने आलेले असतील असे समजून शोध घ्यावा.

आता हिशेब पाहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एक लिटर पाण्यात कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा आणि शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. तुमच्या विहिरीत एक लाख लिटर पाणी आहे असे धरा. त्यात केवळ ०.३ ग्रॅम कॅडमियम विरघळले की मर्यादा गाठली. शिसे एक ग्रॅम पुरे. ट्रॅक्टरच्या एका जुन्या बॅटरीत कित्येक किलो शिसे असते. सगळे काही विरघळत नाही, हे खरे. पण विहिरीच्या काठावर बॅटरी फोडून आम्ल ओतणे किती महागात पडेल याचा अंदाज यावरून येईल.

खतांबद्दल तुम्ही विचारणारच. स्फुरदयुक्त खते खडकापासून बनतात आणि त्यात थोडे कॅडमियम असू शकते. जस्ताच्या खनिजात कॅडमियम बरोबरच सापडते, म्हणून झिंक सल्फेटमध्येही त्याचा अंश येतो. खत नियंत्रण आदेशाने झिंक सल्फेटमध्ये कॅडमियमची कमाल मर्यादा ०.००२५ टक्के आणि शिशाची ०.००३ टक्के घालून दिली आहे. हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट दिले तर या मर्यादेनुसार जास्तीत जास्त ०.६ ग्रॅमच्या आसपास कॅडमियम जमिनीत जाईल. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या थराचे वजन २२ लाख किलोच्या घरात असते. त्या मानाने हे नगण्य आहे. म्हणून प्रमाणित खत शिफारशीप्रमाणे वापरण्यात भीती नाही. भीती आहे ती बिलाशिवाय मिळणाऱ्या, पोत्यावर घटक न छापलेल्या स्वस्त मालाची. कारखान्यातला टाकाऊ माल सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून गळ्यात मारला गेला तर त्यात किती काय आहे हे कोणालाच माहीत नसते.

याखेरीज पुढील वाटा लक्षात ठेवाव्यात :

१) कारखान्याचे सांडपाणी किंवा राख नाल्यात सोडली जात असेल तर त्या नाल्याकाठच्या विहिरी.

२) शहरी कचऱ्याचे खत. त्यात कॅडमियम किलोला ५ मिलिग्रॅम आणि शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे अशी मर्यादा आहे. तपासणीचा दाखला पाहूनच घ्यावे.

३) ठिबकातून खत देताना वीज गेली की टाकीतले खताचे पाणी उलट विहिरीत उतरते. यात नत्राचा धोका जास्त, परंतु सूक्ष्म अन्नद्रव्यांबरोबर इतर अशुद्धीही जातात. पाइपवर एकदिशा झडप, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, बसवलाच पाहिजे.

४) फवारणी पंप, औषधाचे डबे, खताची पोती विहिरीवर धुणे. रिकाम्या डब्यातून पिण्याचे पाणी नेणे तर विषाशी खेळ आहे.

५) शेतातले गढूळ पाणी गाळणीशिवाय थेट बोअरमध्ये सोडून केलेले पुनर्भरण. पुनर्भरण चांगलेच आहे, पण पिण्याच्या बोअरमध्ये असे पाणी सोडू नये.

‘पाणी योग्य’ या शेऱ्याचा अर्थ

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घेतले आहे. अहवालावर ‘सिंचनास योग्य’ असा शेरा असतो. तो वाचून घरात पाणी प्यायला सुरुवात करणारे लोक मी पाहिले आहेत. बंधूंनो, तो शेरा पिकासाठी आहे. त्या तपासणीत आम्ही सामू, क्षारता, सोडियमचे प्रमाण, कार्बोनेट-बायकार्बोनेट पाहतो. शिसे आणि कॅडमियम त्यात मोजलेले नसते. त्यासाठी वेगळे यंत्र लागते.

गावात पिण्याचे पाणी तपासण्यासाठी संच आले आहेत. त्यांवर महिलांना प्रशिक्षणही दिले गेले आहे. त्यातून कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह अशा बाबी कळतात आणि त्या अवश्य तपासाव्यात. आपल्याकडे नायट्रेटचा प्रश्न धातूंपेक्षा जास्त विहिरींत सापडण्याची शक्यता आहे. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत असावे. परंतु जड धातूंसाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत चौकशी करावी आणि ‘शिसे व कॅडमियम तपासून पाहिजे’ असे स्पष्ट लिहून द्यावे. तिथे सोय नसेल तर कोठे होईल हे विचारून घ्यावे. खर्च एकट्याला जड वाटला तर एका शिवारातील पाच-दहा शेतकऱ्यांनी मिळून आधी दोन विहिरी निवडाव्यात : एक नाल्याकाठची किंवा संशयाची आणि एक त्यापासून दूरची. दोन्हींची तुलना केली की पुढे किती विहिरी तपासायच्या हे ठरवता येते.

नमुना कसा घ्यावा?

माती परीक्षणाचा नमुना चुकला की अहवाल चुकतो, हे तुम्ही जाणता. पाण्याचेही तसेच आहे.

१) प्रयोगशाळेकडूनच स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. धातू बाटलीच्या भिंतीला चिकटू नयेत म्हणून ते त्यात शुद्ध नायट्रिक आम्लाचे काही थेंब टाकतात. तसे असेल तर बाटली विसळू नये. घरी बॅटरीचे आम्ल टाकण्याचा उद्योग करू नये, त्यातच शिसे असते.

२) पंप दहा मिनिटे चालू ठेवून मगच पाणी घ्यावे. पंप नसेल तर प्लॅस्टिकच्या बादलीने मध्यावरून घ्यावे. जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरू नये.

३) दुसरा नमुना घरातल्या नळाचा, पहाटे पहिल्या धारेचा घ्यावा. विहीर शुद्ध आणि नळाचे पाणी दूषित असे निघाले तर दोष जुन्या पाइपात किंवा पितळी जोडांत आहे हे समजते.

४) एकदा मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर, आणि एकदा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नमुना घ्यावा.

५) चिठ्ठीवर नाव, गट क्रमांक, विहिरीची खोली, तारीख आणि हे पाणी किती माणसे पितात ते लिहावे.

दोष निघाला तर

घाबरून विहीर बुजवू नये. आधी दुसरा नमुना देऊन खात्री करावी. खात्री झाली की पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी त्या विहिरीचे पाणी लगेच बंद करावे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटते आणि धातूंचे प्रमाण वाढते. तुरटीने गढूळपणा बसतो, ब्लिचिंगने जंतू मरतात. धातूंवर दोन्हींचा भरवसा नाही. आरओ यंत्राने धातू बऱ्याच अंशी निघतात, मात्र त्याची पडदी वेळेवर बदलली पाहिजे. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पिण्यासाठी दुसरा स्रोत शोधणे : नळयोजनेचे पाणी, शेजारची तपासलेली विहीर किंवा स्वच्छ पत्र्याच्या छपरावरून पहिला पाऊस सोडून साठवलेले पावसाचे पाणी. निकाल ग्रामपंचायतीला आणि आरोग्य केंद्राला लेखी द्यावा. एका घराचे दुखणे गावाच्या नोंदीत आल्याशिवाय डॉक्टरांना त्याचा नकाशा काढता येत नाही. पिकासाठी ते पाणी चालेल का, हे अहवाल घेऊन आमच्याकडे यावे, आम्ही सांगू.

पाण्याइतकेच महत्त्वाचे आणखी काही

मूत्रपिंडाचे सगळे खापर विहिरीवर फोडून चालणार नाही. शेतकऱ्याच्या बाबतीत आणखी चार गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट ऊन. निकाराग्वात एका साखर कारखान्याच्या क्षेत्रात ऊसतोड कामगारांना ठरावीक वेळाने पाणी, विश्रांती आणि सावली देण्याची शिस्त वाढवली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ऊस तोडणाऱ्यांत हंगामात मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण एका हंगामातून पुढच्या हंगामात सुमारे २७ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. आपल्या अंबड, घनसावंगी, मंठा भागातून कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. पाण्याची घागर फडात जवळ असणे आणि तासा-दीड तासाने सावलीला बसू देणे हा त्यांचा हक्क आहे. मुकादमांनी यात काटकसर करू नये. आपल्या शेतात मजूर लावणाऱ्यांनीही हे पाळावे.

दुसरी गोष्ट वेदनाशामक गोळ्या. दिवसभर वाकून काम केले की कंबर दुखते आणि दुकानातून गोळी आणली जाते. अशा गोळ्या रोज, त्यातही उन्हात पाणी कमी पिऊन घेतल्या, तर मूत्रपिंडाला इजा करतात. बिननावाची भस्मे आणि पुड्याही टाळाव्यात. त्यांत शिसे किंवा पारा असण्याचा धोका असतो.

तिसरी गोष्ट साप. डॉ. बावस्करांनी पश्चिम महाराष्ट्रातील सर्पदंशांवरही २००२ मध्ये संशोधन प्रसिद्ध केले आहे. घोणस चावली की रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि मूत्रपिंडे अचानक बंद पडू शकतात. मंत्र-तंत्रात गेलेला प्रत्येक तास मूत्रपिंडाला भोवतो. वेळेवर प्रतिविष मिळाले तर धोका बराच कमी होतो.

चौथी गोष्ट रक्तदाब आणि साखर. आजही मूत्रपिंडाच्या आजाराची सर्वांत मोठी कारणे हीच आहेत. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, बायकांनीसुद्धा, वर्षातून एकदा तीन तपासण्या करून घ्याव्यात : रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि रक्तातील साखर. घरात कोणाला मूत्रपिंडाचा आजार असेल तर रक्तातील क्रिएटिनिनही तपासावे. बैलाचा खूर दुखला की आपण त्याच दिवशी पशुवैद्याकडे जातो. स्वतःच्या बाबतीत मात्र आडवे पडेपर्यंत थांबतो.

शेवटी एवढेच

डॉ. बावस्करांच्या २०१० च्या अहवालाने महाराष्ट्रातल्या प्रत्येक विहिरीत विष आहे असे सांगितलेले नाही. जालना जिल्ह्यातील विहिरी दूषित आहेत असेही मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय असे म्हणणे चूक, आणि तपासल्याशिवाय पाणी चांगले आहे असे म्हणणेही तितकेच चूक. एका खेड्यातले आजारी लोक पाहून तिथल्या पाण्याविषयी प्रश्न विचारायला हवा, एवढे त्या अहवालाने शिकवले. असे प्रश्न विचारायला डॉक्टरच हवा असे नाही. आपल्या गावात गेल्या दहा वर्षांत मूत्रपिंडाच्या आजाराने किती माणसे गेली, ती कोणत्या विहिरीचे पाणी पीत होती, त्यांना साखर किंवा रक्तदाब होता का, याची यादी एक शिकलेला तरुण चार दिवसांत करू शकतो. ती यादी आणि दोन विहिरींचे अहवाल घेऊन आरोग्य केंद्रात गेलात तर तुमचे म्हणणे कोणी हवेत सोडून देणार नाही.

माती परीक्षण करून खत देण्याची सवय आपल्या भागात हळूहळू रुजली. त्यासाठी विद्यापीठाला आणि शेतकऱ्यांना पुष्कळ वर्षे लागली. पिण्याच्या पाण्याच्या परीक्षणाला तितकी वर्षे घालवणे परवडणार नाही. येत्या मे महिन्यात, विहिरींनी तळ गाठला की प्रत्येक गावातून निदान दोन नमुने प्रयोगशाळेत जावेत, एवढी विनंती करून मी थांबतो.